ओढलेल्या वासाची शिकार

‘शिकार’ हा शब्द कानीं पडतांच बंदूक, मचाण आणि मरून पडलेलें जनावर हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्या खेळाची ओळख येथें करून द्यावयाची आहे त्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. त्यांत घोडा आहे, स्वार आहे, एका सुरांत ओरडत धांवणारा कुत्र्यांचा कळप आहे, वाटेंत ओलांडावयाचे बांध आणि ओहोळ आहेत. मात्र ज्याच्या मागें हे सारे धांवतात तें जनावरच नाहीं. त्याच्या जागीं केवळ एक वास आहे. इंग्रजींत या खेळास ‘ड्रॅग हंटिंग’ म्हणतात. मराठींत त्यास ओढलेल्या वासाची शिकार म्हटल्यास अर्थ पुरता उमगतो.

खेळाची मांडणी साधी आहे. एक मनुष्य बडीशेपेच्या जातीच्या बियांचें तेल किंवा तसेंच दुसरें उग्र वासाचें द्रव्य घेऊन त्यांत कापडाचा बोळा भिजवितो, तो दोरीस बांधतो आणि आधीं ठरविलेल्या वाटेनें जमिनीवरून ओढीत नेतो. हा मनुष्य पायीं असतो किंवा घोड्यावर. तो निघून गेल्यावर वीस-तीस मिनिटांनीं कुत्रे सोडतात. जमिनीस नाक लावून ते वास हुडकतात, आणि तो सांपडतांच सारा कळप एकदम साद घालून धांवत सुटतो. त्यांच्या मागून स्वार दौडतात. अशी एक दौड साधारणतः दोन-तीन मैलांची असते. ती संपली कीं घोड्यांना व कुत्र्यांना विसांवा देऊन दुसरी दौड सुरू होते. एका दिवसांत अशा तीन-चार दौडी होतात.

मराठवाड्याच्या श्रोत्यांस घोड्याची ओळख करून द्यावयास नको. आजचें छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, हें शहर मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी या नांवानें वसविलें. मोंगलांच्या अवजड फौजेस त्यानें जेरीस आणलें तें हलक्या मराठा घोडदळाच्या बळावर. पुढें शिलेदार आणि बारगीर हे शब्द घरोघर रुळले. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. इंग्रजी अमलांत येथील छावणींत हैदराबाद कंटिन्जंटचें घोडदळ असे. १८५७ च्या जून महिन्यांत त्यांतील स्वारांनीं उठाव केला, आणि त्याची शिक्षा ज्या काळ्या चबुतऱ्यापाशीं त्यांना भोगावी लागली ती जागा आज क्रांतिचौक म्हणून ओळखली जाते. १९०३ सालीं हें कंटिन्जंट हिंदी सैन्यांत सामील झालें. त्याच्याच रिसाल्यांतून घडलेली ‘डेक्कन हॉर्स’ ही पलटण पुढें घोडे सोडून रणगाड्यांवर चढली आणि १९६५ सालीं असल उत्तरच्या लढाईंत लढली. तिच्या नांवांत घोडा अजून कायम आहे.

त्या काळच्या छावण्यांतून घोडदौड आणि शिकार यांची सांगड असे. भाला घेऊन रानडुकराचा पाठलाग करणें हें स्वाराच्या शिक्षणाचें एक अंगच मानलें जाई. पुणें आणि खडकी येथील गोऱ्या अधिकाऱ्यांनीं विलायती शिकारी कुत्र्यांचा कळप पाळला होता. विलायतेंत हे कुत्रे खोकडाच्या मागें धांवत. येथें ते कोल्ह्याच्या मागें धांवूं लागले. मुंबईसहि असाच एक कळप होता. कोल्हापूर संस्थानांत चित्ते पाळून त्यांच्याकरवीं काळविटाची शिकार होई व तिची ख्याति दूरवर पसरली होती. या साऱ्या वैभवाचा शेवट मात्र विचार करावयास लावणारा आहे. १९५२ सालीं भारतांतून चित्ता नामशेष झाल्याचें जाहीर झालें. ज्या माळावर काळविटांचे कळप मोजतां येत नसत तेथें एखादा कळप दिसला तरी लोक थबकून पाहूं लागले.

१९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला. वन्य जनावर मारणें ही एवढीच शिकार असें हा कायदा मानीत नाहीं. त्यास पकडणें, सांपळ्यांत अडकविणें, कुत्रे लावून पिटाळणें, या साऱ्यांस तो शिकारच म्हणतो. तेव्हां ‘आम्हीं मारलें कोठें, नुसतें पळविलें’ ही सबब चालत नाहीं. निलगिरीवर उटकमंड येथें घोडेस्वारांचा आणि कुत्र्यांचा जुना शिकारी संघ होता. १९४८ सालीं जवळच वेलिंग्टन येथें सैन्याच्या अधिकाऱ्यांसाठीं स्टाफ कॉलेज सुरू झालें आणि त्या अधिकाऱ्यांनीं हा संघ चालू ठेवला. पूर्वीं तेथें कोल्ह्याचा पाठलाग होई. कायद्यानंतर कोल्ह्याची जागा ओढलेल्या वासानें घेतली. घोडे, कुत्रे, शिंगाचा आवाज आणि डोंगरउतारावरची दौड हीं सारीं टिकलीं. गेला तो केवळ वध.

विलायतेंतहि असा पालट झाला. इंग्लंड आणि वेल्स येथें २००४ च्या कायद्यानें कुत्र्यांकरवीं खोकड मारण्यास बंदी झाली व ती १८ फेब्रुवारी २००५ पासून अमलांत आली. ओढलेल्या वासाची शिकार तेथें त्यापूर्वींहि शंभराहून अधिक वर्षें चालत असे. बंदीनंतर मात्र तिच्या जोडीस एक निराळा प्रकार आला. त्यांत जनावराच्याच वासाचें द्रव्य वापरीत आणि तो वास जनावरांच्या वस्तीच्या रानांतून टाकीत. कुत्र्यांना खऱ्या खोकडाचा माग लागला म्हणजे ‘चुकून झालें’ असें सांगावयास वाट राही. यावरून तेथें कज्जे झाले व लोकांचा विश्वास डळमळला. नवागतानें यांतून एक गोष्ट ध्यानीं धरावी. खऱ्या ड्रॅग हंटिंगमध्यें वास जनावराहून वेगळा असतो, वाट जनावरांची वस्ती टाळून आंखलेली असते, आणि कुत्रे भलत्या मागावर गेले तर त्यांना तात्काळ मागें बोलावतात. हीं तीन पथ्यें पाळलीं तरच हा खेळ निर्दोष.

आतां या खेळांतील माणसें पाहूं. सर्वांचा मुख्य तो ‘मास्टर’. त्या दिवसाचा सारा कारभार त्याच्या हातीं असतो. कुत्र्यांना हांक मारून, शिंग फुंकून चालविणारा तो ‘हंट्समन’. कळपाबाहेर जाणाऱ्या कुत्र्यांना वळविणारे त्याचे मदतनीस दोन्ही बाजूंना असतात. उरलेल्या स्वारांच्या जथ्यास ‘फील्ड’ म्हणतात आणि त्यांच्या पुढें एक प्रमुख चालतो. नवागताची जागा या जथ्याच्या मागील बाजूस. प्रमुखाच्या पुढें घोडा काढावयाचा नाहीं, आणि कुत्र्यांच्या अंगावर तर कधींच घालावयाचा नाहीं, हा या खेळाचा पहिला नियम. भरधांव घोड्याच्या टापेखालीं सांपडलेला कुत्रा क्वचितच वांचतो. कुत्रे जवळून जात असतां घोड्याचें तोंड त्यांच्याकडे वळवून उभें राहावें. म्हणजे घोड्यास लाथ मारण्याची संधि मिळत नाहीं. लाथाळ घोड्याच्या शेंपटीस तांबडी फीत बांधतात, नवशिक्या घोड्याच्या शेंपटीस हिरवी. तांबडी फीत दिसली कीं दूर राहावें. आणि आपल्याच घोड्यास ती बांधण्याची पाळी आली तर त्यांत कमीपणा मानूं नये.

घोड्याची तयारी एका दिवसांत होत नाहीं. पागेंत उभा राहून कडबा खाल्लेला घोडा एकदम तीन मैल पळविल्यास त्याचे स्नायू आणि दम दोन्ही फसतात. सहा ते आठ आठवडे अगोदरपासून त्यास प्रथम कदम चालीनें, मग दुडकीनें, मग चौखूर असें चढत्या क्रमानें फिरवावें. मेहनत वाढेल त्या मानानें खुराक वाढवावा. शिकारीच्या आदल्या दिवशीं नाल पाहावेत. सैल नाल म्हणजे वाटेंत लंगडा होणारा घोडा. तंग, रिकिबीचे चामडे, लगामाची शिवण हीं मोतद्दारावर न टाकतां स्वारानें स्वतः हातानें चांचपावीं. पहिली दौड सुरू होण्यापूर्वीं तंग पुन्हां आवळावा, कारण चालतां चालतां तो ढिला पडतो. स्वाराच्या डोक्यावर हनुवटीखालीं पट्टा असलेलें पक्कें शिरस्त्राण हवेंच. फेटा शोभिवंत खरा, परंतु दगडावर आपटणाऱ्या डोक्यास शोभेचा उपयोग नाहीं.

दख्खनच्या जमिनीची गोष्ट मात्र विलायती पुस्तकांत मिळणार नाहीं. काळी जमीन उन्हाळ्यांत तडकते. तिच्या भेगांत घोड्याचा खूर अडकला तर पायाचें हाड मोडतें. तीच जमीन पावसाळ्यांत चिकट राड होते, आणि त्या राडींतून दौडतांना घोड्याच्या शिरा ताणल्या जातात. मुरमाड माळ त्यापेक्षां बरा. पण त्यावर सुटे दगड असतात. सर्वांत मोठें भय आहे तें जुन्या विहिरींचें. शेतांतील कित्येक विहिरींना कठडा नसतो आणि कांठावर गवत माजलेलें असतें. दहा पावलांवरूनहि ती दिसत नाहीं. याखेरीज आतां बांधाबांधावर तारेचीं कुंपणें आलीं आहेत. उगवतीचें ऊन डोळ्यांवर आलें म्हणजे तार दिसेनाशी होते. म्हणून वास ओढणाऱ्यानें सबंध वाट आदल्या दिवशीं पायीं चालून पाहिली पाहिजे. विहीर, तार, भेगाळलेला पट्टा जेथें असेल तेथून वाट दूर वळविली पाहिजे. वास ओढणारा जसा नेईल तसे कुत्रे जातात, आणि कुत्रे जातील तिकडे माणसें. वीस स्वारांचे प्राण त्या एका मनुष्याच्या शहाणपणावर असतात. जनावराच्या शिकारीहून या खेळाचा हा मोठा फायदा आहे. कोल्हा विहिरीचा विचार करून पळत नाहीं. माणसास तो करतां येतो.

दुसरा विचार शेतकऱ्याचा. जुने साहेब लोक कोणाच्याहि उभ्या पिकांतून घोडा घालीत आणि रयत हात जोडून पाहत राही. तो काळ गेला, हें चांगलें झालें. आतां ज्याचें शेत त्याची परवानगी आधीं घेतली पाहिजे. नुसत्या पाटलास सांगून भागत नाहीं. पेरलेल्या रानांतून एकहि टाप पडतां कामा नये. वाट असावी ती पडीक जमिनींतून, माळावरून आणि पीक निघालेल्या शेतांच्या कडेनें. गायरान सर्व गांवाचें असतें. तेथें गुरें चरत असल्यास दौड थांबवून चालीनें जावें. उघडलेलें फाटक शेवटच्या स्वारानें लावून घ्यावें. बांध ढासळला तर त्याच दिवशीं गडी लावून तो नीट करून द्यावा. माळावर जमिनीवर घरटीं करणारे पक्षी असतात. त्यांच्या विणीच्या दिवसांत त्या भागास फिरकूंच नये. जो स्वार बांधावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कुणब्यास रामराम करून, घोडा आवरून पुढें जातो, त्याच्यासाठीं पुढच्या वर्षीं ती वाट मोकळी राहते.

वेळ कोणती हेंहि वासच ठरवितो. वास ओलसर आणि थंड हवेंत जमिनीलगत राहतो. ऊन चढलें, जमीन तापली कीं तो उडून जातो. म्हणून आपल्या देशांत हा खेळ भल्या पहाटे सुरू करून ऊन कडक होण्यापूर्वीं संपविणें श्रेयस्कर. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखांत दंव पडणारी हिंवाळ्याची सकाळ त्यास अनुकूल. वारा जोराचा असेल तर वास बाजूस सरकतो, आणि कुत्रे खऱ्या वाटेच्या दहा-वीस हात बाजूनें धांवूं लागतात. मधेंच माग तुटला कीं स्वारांनीं जागच्या जागीं स्तब्ध उभें राहावें. गलका केल्यास कुत्र्यांचें मन नाकावरून उडतें. कळप पुन्हां माग कसा जुळवितो, एक जुना अनुभवी कुत्रा साद देतो आणि बाकीचे त्यावर विश्वास ठेवून कसे येऊन मिळतात, हें पाहणें दौडीइतकेंच सुखाचें आहे.

शेवटच्या दौडीअखेर कुत्र्यांना मांसाचे तुकडे देतात. त्यांनीं आपलें काम चोख केलेलें असतें, आणि त्याचें बक्षीस त्यांना मिळालेंच पाहिजे. घोड्याचा तंग सैल करून शेवटचा मैल त्यास चालीनें आणावा. तापलेल्या घोड्यास पाणी दाखवूंच नये ही जुनी समजूत पशुवैद्यांनीं मागें टाकली आहे; थोडें थोडें पाणी पुन्हां पुन्हां द्यावें, दाणा मात्र तो पुरता निवाल्यावरच घालावा. पाय धुऊन कांटे, ओरखडे पाहावेत. स्वाराचें जेवण या सर्वांनंतर.

जनावर नाहीं तर पाठलागांत राम काय, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं बांध समोर आला असतां स्वाराची मांड आणि घोड्याचा विश्वास यांची जी परीक्षा होते ती पुढें कोल्हा असला काय आणि वास असला काय, सारखीच होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत तरुण छात्रांना अश्वारोहण शिकवितात, तें त्यांनीं घोड्यावरून लढावें म्हणून नव्हे. धैर्य, विवेक आणि मुक्या जनावराची कदर या गोष्टी घोडा जितक्या लवकर शिकवितो तितक्या लवकर दुसरा गुरु क्वचितच शिकवील. या मुलखांत घोडा आहे, माळ आहे आणि स्वारीची परंपराहि आहे. येथील कोणा तरुणानें हा खेळ शिकावयाचें मनावर घेतलें तर त्यानें प्रथम एक वर्ष नुसती रपेट करावी, आपल्या घोड्याचा दाणा-पाणी स्वतः पाहावा, आणि ज्या शेतांच्या कडेनें पुढें दौडावयाचें आहे त्या शेतांच्या मालकांशीं ओळख करून घ्यावी. उडी मारावयास त्यानंतर शिकलें तरी उशीर होत नाहीं.