कुळागराच्या सावलीतील भू-आच्छादन
(बागायतदार व शिक्षक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पोफळीखालची जमीन उघडी ठेवावी की झाकावी, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना फारसा पडला नसावा. गळलेल्या झावळ्या आणि पाचोळा तेथेच कुजू द्यावा, अशी त्यांची रीत होती. आता कित्येक कुळागरांत जमीन अंगणासारखी झाडून ठेवण्याची हौस दिसते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उताराच्या उघड्या जांभ्या मातीवर तो पडला म्हणजे काय होते, हे पाटाच्या तोंडाशी साचलेला तांबडा गाळच सांगतो. म्हणून सावलीत तग धरणाऱ्या बहुवार्षिक वनस्पतींनी जमीन झाकणे इष्ट होय. परंतु वनस्पतीची निवड चुकली तर उघडी जमीन परवडली, असे म्हणण्याची पाळी येते. ती माझ्यावर आली होती.

काही वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून पिवळ्या फुलांच्या वेडेलियाची मूठभर कलमे आणून पाटाच्या कडेला लावली. पहिल्या पावसाळ्यात पाहुणे कौतुक करीत. दुसऱ्या पावसाळ्यात पाट दिसेनासा झाला. गळलेली सुपारी त्या दाट जाळीत शोधता येईना; आणि कोळेरोगाची फळे वेळीच वेचून बाहेर काढली नाहीत, तर रोग बागेतच मुक्काम करतो, हे आपण जाणता. लावण्यास एक सकाळ लागली होती. काढण्यास दोन उन्हाळ्यांची मजुरी गेली. ही वनस्पती मूळची मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटे या भागातील असून, जगातील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत तिचा समावेश आहे. तिच्या खोडाचा पेरासकट तुकडा ओल्या मातीत पडला की तो मूळ धरतो. आपल्याकडील औषधी पिवळा माका तिचा जवळचा नातलग. त्यामुळे ओळखण्यात फसगत होते. वेडेलियाच्या पानाला बहुधा तीन खंड असतात, हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा रोप किती वेगाने पसरते, हे विचारण्यापूर्वी ते किती सहज उपटता येते, हे विचारावे.

आता सावलीविषयी. पोफळींमध्ये सर्व बाजूंनी सुमारे २.७ मीटर अंतर असेल, तर पूर्ण वाढलेल्या बागेत उन्हाचा अदमासे तिसरा हिस्सा ते निम्मा भाग जमिनीपर्यंत पोहोचतो. जायफळाच्या किंवा फणसाच्या खाली तो याहून पुष्कळच कमी. एकाच कुळागरात अशा दोन-तीन प्रकारच्या सावल्या असतात. सर्वत्र एकच रोप लावण्याचा अट्टहास म्हणूनच फसतो. पोफळीची बहुतेक मुळे खोडापासून एक मीटरच्या आत असतात. तेवढे आळे आच्छादनाच्या रोपांपासून मोकळे ठेवून तेथे केवळ पाचोळा घालावा.

ओलसर, मध्यम सावलीसाठी माझी पहिली पसंती मंडूकपर्णीला आहे. पुष्कळ जण तिलाच ब्राह्मी म्हणतात. मुळे फुटलेली पेरे पावसाच्या आरंभी वीतभर अंतरावर लावली की ती जमिनीला चिकटून पसरते; नको तेथून हाताने ओढली की निघते. गटाराच्या अथवा सांडपाण्याच्या कडेची पाने मात्र खाण्यास घेऊ नयेत.

उत्पन्नाची अपेक्षा असेल त्यांनी पिंपळीचा विचार करावा. तिला विरळ सावली मानवते, पण उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही. सुमारे ६० सें.मी. अंतरावर लावावी. तिसऱ्या वर्षानंतर उत्पन्न उतरते. तेव्हा मुळे काढून नवी लावणी करावी. त्या मुळांनाही पिंपळमूळ म्हणून मागणी असते.

भुईचाफा मला व्यक्तिशः फार प्रिय. उन्हाळ्यात उघड्या जमिनीतून आधी फूल वर येते, पाने नंतर. पावसाळाभर ती रुंद पाने माती सांभाळतात आणि हिवाळ्यात जिरून जातात. उतारावरील मेरांवर अननसाची आडवी ओळ चांगली. हळद व आले उत्तम पिके खरी. पण दरवर्षी खणावी लागत असल्याने तीव्र उतारावर ती आच्छादनाचे काम करीत नाहीत.

शिक्षक मित्रांना एक विनंती. शाळेच्या आंब्याखाली आच्छादन लावताना मुलांच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन हात जागा स्वच्छ राखावी. फुरसे अथवा चापडा गर्द पानांत दिसत नाही. कुळागरात अनवाणी वावरणाऱ्या कामकरी माणसांच्या वाटांनाही हाच नियम लागू करावा.

ज्यांच्याकडे वेडेलिया आधीच आला आहे, त्यांनी तो पावसात उपटू नये. तुटलेला प्रत्येक तुकडा पाण्याबरोबर खालच्या शेजाऱ्याकडे जातो. एप्रिल-मे महिन्यांत माती कोरडी असताना मुळासकट काढावा, कातळावर कडक वाळवावा, ओला असताना खतखड्ड्यात किंवा ओहोळात टाकू नये. पहिल्या सरीनंतर दर पंधरवड्याला फेरी मारून फुटवे वेचावेत. मोकळ्या झालेल्या जागी ताबडतोब पाचोळ्याचा जाड थर पसरावा. मंडूकपर्णी तेथे एक पावसाळा उलटल्यानंतरच लावावी, म्हणजे शिल्लक राहिलेले फुटवे तिच्या पानांआड लपणार नाहीत.