गजकर्णाचे मलम आणि कातडीची भिंत



वर्गात एखादे मूल सारखे मान किंवा कंबर खाजवीत असते. कातडीवर तांबूस, वाटोळा, कडेस उंच व मध्ये निवळलेला चट्टा असतो. शेजारची मुले सरकून बसतात. हे गजकर्ण होय. तो कोणत्याही पापाचा भोग नव्हे. ती एक सूक्ष्म बुरशी आहे व औषधाने ती बरी होते. मात्र औषध तिच्यापर्यंत पोचले पाहिजे.

ही बुरशी कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात राहते. या थरास शृंगस्तर म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून जाड नसतो. तरी बाहेरचे पदार्थ अडविणारी ती भिंतच आहे. नखे व केस ज्या केराटिनाचे बनतात, तेच येथे असते आणि त्यावरच बुरशी जगते. औषधास याच थरात मुरावे लागते. व्हिटफील्ड या इंग्रज डॉक्टरांच्या नावाच्या जुन्या मलमात ६ टक्के बेंझॉइक आम्ल व ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल असते. दुसरे हा थर सैल करते, पहिले बुरशीस आवर घालते. आजची क्लोट्रिमॅझोल व टर्बिनाफिन ही औषधेही मलमातून येथेच मुरतात.

यावरून पालकांना तीन गोष्टी सांगाव्यात. बुरशी कडेने पसरते, म्हणून मलम चट्ट्याच्या पलीकडे बोटभर लावावे. खाज थांबली म्हणजे बुरशी संपली असे नव्हे. चट्टा गेल्यावरही सुमारे दोन आठवडे मलम चालू ठेवावे. डोक्यातील गजकर्ण मात्र केसांच्या मुळांशी असते. तेथे मलम पुरे पडत नाही. डॉक्टरांकडून पोटात घ्यावयाचे औषध लागते. १९५८ पासून वापरात आलेले ग्रिसिओफुल्विन असेच रक्तावाटे नव्या केसांत उतरते.

दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांपासून सावध करावे. खाज लवकर शमते. पण शरीराचा प्रतिकार दबतो, बुरशी पसरते आणि कातडी पातळ होते.

प्रत्येकाचा पंचा व कंगवा वेगळा असावा, कपडे उन्हात कोरडे व्हावेत. उपचार सुरू झाल्यावर मुलास शाळेबाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही. मलम घरी लावले जाईल. पण वर्गातील त्याची जागा त्यास परत मिळवून देणे शिक्षकाच्याच हाती आहे.