माप आपल्या अंगाचं

आजचा विषय ऐकताना रेडिओचा आवाज कमी करू नका. घरात सासूबाई असतील, नवरा असेल, तर त्यांनाही ऐकू द्या.

आमच्या बचत गटातली एक ताई चार महिने बैठकीला आली नाही. हप्ता तेवढा मुलीच्या हाती यायचा. कॅन्सरमुळे तिचा एक स्तन काढावा लागला होता. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाली, "जखम भरली गं, पण झंपर एका बाजूला लोंबतो. लोक तिथंच पाहतात." रोवणीला जायचं म्हणून तिनं कापडाच्या पिशवीत तांदूळ भरून आत ठेवले. बांधीत पावसानं ते भिजले, फुगले, आंबूस वास सुटला. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडली नाही.

अंगाचं दुखणं लपवायची आपली सवय जुनी आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली, ती १९८९ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणून ताईची अडचण आम्ही बैठकीतच मांडली, तिला विचारून. मग डॉक्टरांना आणि नर्सताईंना विचारून जे शिकलो, ते सांगतो.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जखम ओली असते. तेव्हा कापूस भरलेला मऊ, हलका सुती स्तन वापरायचा. वजनदार सिलिकॉनचा वापरायचा तो जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. वजन कशाला हवं? एक बाजू हलकी झाली की ब्रा वर सरकते, खांदा वाकडा होतो, मान आणि पाठ दुखते. पण वजन जास्त झालं, तर पट्टा खांद्यात रुततो. म्हणून तो जवळपास दुसऱ्या स्तनाच्या वजनाचा असावा.

माप घेताना आधी स्तनांच्या खालून छातीचा घेर मोजायचा आणि नीट बसणारी ब्रा घ्यायची. मग राहिलेल्या स्तनाशी जुळणारा आकार निवडायचा. शेजारणीचं माप आपल्याला चालत नाही. घालून आरशासमोर उभं राहा, समोरून पाहा, बाजूनं पाहा. मग हात वर करा आणि रोवणीला वाकतो तसं वाका. सरकला, बाहेर आला, तर माप चुकलं. उपचारात वजन कमी-जास्त झालं, तर माप पुन्हा घ्यायचं.

आपल्याकडचं ऊनही लक्षात घ्या. मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाताना सिलिकॉनखाली घामानं कातडी खाजते. अशा दिवसांत धुता येणारा सुती बरा. दोन असले की एक वाळत घालता येतो.

काही जणींना शस्त्रक्रियेनं आतच सिलिकॉनची पिशवी बसवता येते. त्याबद्दल स्तन काढण्याच्या आधीच विचारा. पुढे रेडिएशन द्यायचं असेल, तर त्रासाची शक्यता वाढते.

गटातल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, आजार नसताना छाती मोठी करून घेतात, ते खरं का?" खरं आहे. त्या पिशवीचं माप सीसीमध्ये असतं, एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर. प्लास्टिक सर्जन छातीची रुंदी आणि कातडीची जाडी-ताण मोजून माप ठरवतात. अंदाज घ्यायला मोजक्या भांड्यानं पातळ मोज्यात तांदूळ भरून ब्रामध्ये ठेवून दिवसभर काम करून पाहतात. तांदूळ असे घरात अंदाजापुरते ठीक, बांधीत नाही! छातीला न पेलणारी पिशवी बसवली, तर कातडी ताणते, पाठ दुखते. पिशवी जन्मभराची नसते, पुढे बदलावी लागू शकते. आम्ही तिला एवढंच विचारलं, "हे तुला हवं आहे, की पाहायला येणाऱ्यांना?" ती हसली. उत्तर तिचं तिनं द्यायचं आहे.

आणि एक. राहिलेल्या स्तनाची तपासणी चुकवू नका. गाठ, खळगा, बोंडातून रक्त किंवा पाणी, असं काही दिसलं, तर दुखत नसलं तरी दवाखान्यात जा. स्तनाच्या कॅन्सरचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

आमच्या ताईच्या ब्राला आम्हीच गटाच्या मशीनवर आतून सुती कप्पा शिवून दिला. मागच्या बैठकीला ती स्वतः हप्ता घेऊन आली. पुढच्या रांगेत बसली.

तुमच्या गावातही अशी एखादी घरात बसलेली असेल. तिच्याकडे जा, मैत्रिणींनो.