नकाराचं पान



संयोजकांचा आग्रह होता, "तू कॉम्प्युटरवाली, आम्हाला समजेल असं काहीतरी सांग." म्हणून एका पानाची गोष्ट सांगते. ते पान मी लिहिलं नव्हतं, आणि तीच माझी चूक.

2012 च्या उन्हाळ्यात मी माहेरी, जठारपेठेत आले होते. बाबांच्या ओळखीच्या एका काकांची अभ्यासिका होती. आठ कॉम्प्युटर, एक ब्रॉडबँड, आणि पोरं सिनेमे उतरवतात म्हणून रोजची कटकट. मी एका जुन्या मशीनवर स्क्विड बसवून दिला. स्क्विड म्हणजे प्रॉक्सी, ब्राउझर आणि इंटरनेटच्या मध्ये बसलेला दरवान. मागितलेलं पान तो आणतो, पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवतो, आणि नको ते अडवतो. 1996 पासूनचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. अर्ध्या दिवसात काम झालं. आईनं पन्हं दिलं, मी खूश.

जुगाराच्या साइट बंद व्हाव्यात म्हणून अडवायच्या शब्दांत मी पैजेसाठीचा इंग्रजी शब्द टाकला होता: बी, ई, टी. ही तीन अक्षरं ओळीनं 'डायबेटिस'च्या स्पेलिंगमध्येही येतात. आपल्या शेजारच्या बैतूलच्याही येतात. मला ते सुचलंच नाही.

डीएमएलटी करणारी एक मुलगी तिथे यायची. तिनं मधुमेहावरचं पान उघडलं आणि समोर आलं स्क्विडचं तयार पान. इंग्रजीत ठळक अक्षरात 'अ‍ॅक्सेस डिनाइड', खाली 'सर्व्हिस प्रोव्हायडरशी संपर्क साधा', आणि व्यवस्थापक कोण, तर 'वेबमास्टर'. वेळसुद्धा ग्रीनिचची, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागची. मागून जाणाऱ्या काकांनी ते पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "असल्या साइट पाहायला येतेस का?"

ती यायची बंद झाली. चार दिवसांनी तिच्या आईकडून माझ्या आईला कळलं. मी स्क्विडची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून पाहिला. नाकारलेला पत्ता तिथे लख्ख होता. काकांना घेऊन तिच्या घरी गेले. ती दारातच म्हणाली, "मी काई वंगाय नाई पायलं जी, ताई." काकांनी माफी मागितली. खरं तर आधी मी मागायला हवी होती.

शब्द यादीतून काढणं दोन मिनिटांचं काम. पानाला दोन दिवस लागले. स्क्विडची ही पानं साध्या एचटीएमएल फायली असतात, प्रत्येक भाषेचा वेगळा फोल्डर. मी बसवलेल्या आवृत्तीत मराठीचा नव्हता. मूळ फायलींना हात लावला तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं, म्हणून इंग्रजीचा अख्खा फोल्डर दुसरीकडे उतरवला आणि सेटिंगमध्ये 'एरर डिरेक्टरी' म्हणून त्याचा पत्ता दिला. अख्खाच घेतला, कारण मग स्क्विड बाकीची पानंही आधी तिथेच शोधतो. फायलीत टक्क्याचं चिन्ह आणि मोठा यू लिहिला की तिथे अडवलेला पत्ता उमटतो. वेळेसाठी मोठा टी होता, तो छोटा केल्यावर ग्रीनिचऐवजी अकोल्याची वेळ आली. शिवाय 'डिनाय इन्फो'नं प्रत्येक नियमाला वेगळं पान जोडता येतं: सिनेमाच्या साइटला एक, शब्द सापडला तर दुसरं. एका ओळीत अनेक अटी असतील तर तो शेवटची अट धरतो. हे कळेपर्यंत माझी एक रात्र गेली.

मजकूर मात्र मला आपल्या शाळेनं शिकवला. गणिताच्या बाई नुसती फुली मारत नसत, चुकलेल्या पायरीभोवती गोल करत. मी लिहिलं: "हे पान एका शब्दामुळे अडलं आहे. यात तुमची चूक असेलच असं नाही. अभ्यासासाठी हवं असेल तर या नंबरवर सांगा." खाली माझा मोबाइल. पहिल्यांदा उघडलं तर एक्सपीच्या दोन मशीनवर काने-मात्रे विस्कटलेले. भारतीय लिप्यांचा सपोर्टच टाकलेला नव्हता. नकारसुद्धा धड वाचता येत नव्हता!

आज ते पान जवळजवळ कुणाला दिसत नाही. साइट एचटीटीपीएसवर गेल्या. तिथे प्रॉक्सीनं नकार दिला तर ब्राउझर त्याचं पान दाखवत नाही, स्वतःचंच काहीतरी इंग्रजी दाखवतो. मध्ये घुसून कुलूप उघडायची सोय स्क्विडमध्ये आहे. काकांनी विचारलंही. मी नाही म्हटलं. पोरांचे पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार उघडून पाहणारा दरवान मला बसवायचा नव्हता.

मग तोच मजकूर मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक कॉम्प्युटरच्या वर चिकटवला. आता त्यावर नंबर काकांचा आहे. माझा काढायला लावला, कारण परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला फोन यायचे, "ताई, पान अडलं."