महावृक्षांच्या भेटीस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



कलकत्त्यातील आपल्या मराठी मंडळींस शिवपूरच्या वनस्पती उद्यानातील महावटाची ओळख करून द्यावयास नको. त्याचा मूळ बुंधा किडल्यामुळे १९२५ साली काढून टाकावा लागला, तरी पारंब्यांच्या आधाराने तो पसरतोच आहे. मोठे झाड म्हणजे असे ऐसपैस झाड, हीच आमची कल्पना. त्यामुळे जून २०२४ मध्ये मुलाने आम्हां उभयतांस कॅलिफोर्नियातील सेकोया वृक्ष दाखवावयाचे ठरविले, तेव्हा उंच खांब पाहावयास इतक्या लांब कशाला जावयाचे, असे मनात आलेच.

सूनबाईंना रजा नव्हती. आम्ही दोघे, मुलगा आणि नऊ वर्षांचा नातू असे निघालो. मोटारीमागे भाड्याचा ट्रेलर जोडला होता; आत निजावयाच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टाकी, म्हणजे चाकांवरची खोलीच. तो मागे घेताना चालकाने चाक डावीकडे फिरविले की ट्रेलर उजवीकडे जातो. मुलास हे ठाऊक होते, सवय मात्र नव्हती. आणि खाली उतरून दोघांनी दोन बाजूंनी केलेल्या आमच्या मार्गदर्शनाचा त्यास काडीचाही उपयोग झाला नाही.

उद्यानाच्या पायथ्याशी पॉटविशा नावाचा तळ आहे. तेथून वरचा घाट इतका वळणांचा, की बावीस फुटांहून लांब वाहन नेऊ नये अशी सूचना आहे. ट्रेलर खालीच सोडावा लागला. वर गेल्यावर अस्वलांच्या भीतीने लाडू-चिवड्याचे डबे मोटारीतून काढून लोखंडी पेटीत बंद करावे लागले, तेव्हा नातवाने अस्वलाच्या वतीने निषेध नोंदविला.

मग 'जनरल शेरमन' दिसला. उंची सुमारे २७५ फूट, जमिनीलगत घेर १०२ फूट. याहून उंच झाडे जगात आहेत, परंतु एका खोडात इतके लाकूड दुसऱ्या कोणत्याही वृक्षात नाही. वय दोन हजार वर्षांहून अधिक. आपल्याकडे सातवाहन राज्य करीत होते तेव्हाही तो येथे उभा होता. खांब पाहावयास आलेले आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

या वृक्षाची साल दोन-दोन फूट जाड असते व सहजी पेटत नाही. त्याचे बोंड कोंबडीच्या अंड्याएवढे, बी जवसाएवढे. आगीच्या धगीने बोंडे उकलतात, बी राखेवर पडते, रान मोकळे झाल्याने रोपास ऊन मिळते. म्हणजे लहानसहान वणवे त्यास हवेच असतात. हे न जाणता माणसाने शतकभर दिसेल ती आग विझविली, आणि पालापाचोळा व दाट झाडी साचत गेली. (आम्हीही एकुलत्या मुलास कधी पावसात भिजू दिले नाही, असो.) १९६० नंतरच्या दशकात उद्यानाने स्वतः बेताच्या आगी लावावयास आरंभ केला. २०२१ च्या वणव्यात शेरमनच्या बुंध्याभोवती ॲल्युमिनियमचे पत्रे गुंडाळले होते खरे, पण त्या राईस अधिक उपयोग झाला तो आधी लावलेल्या आगींचा.

सर्वत्र तसे झाले नाही. उत्तरेकडे थोडे पुढे रेडवुड माउंटनची राई रस्त्यावरून दिसते. त्याच वणव्यात तिच्यातील एका भागाची होळी झाली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील आगींनी जगातील मोठ्या सेकोयांपैकी १३ ते १९ टक्के वृक्ष नेले, असा उद्यानखात्याचा अंदाज आहे. उतारावरचे ते काळे सुळके पाहून नातू म्हणाला, "आजी, हे पण शेरमनएवढे जुने होते?" एरवी तो आमच्याशी इंग्रजीतच बोलतो. "काही असतील," एवढेच उत्तर देता आले.

मोटारीत बसल्यावर त्याने खिशातून एक बोंड काढले. शेरमनजवळ गुपचूप उचललेले. तेथून काहीही नेण्यास बंदी आहे. मुलगा रागावला, आम्ही मात्र त्यास म्हटले, वाटेवर तीच राई आहे, थांबू या. संध्याकाळ झाली होती. नातू खाली उतरला, कुंपणाशी एक जळकी, काळी जागा शोधून त्याने ते बोंड तेथे ठेविले आणि परत येऊन विचारले, "आता इथे आग कधी लावतील?"