बालकांची सेवा : एक ख्रिस्ती पाचारण

(ज्युबिली महोत्सवानिमित्त बालवाडीच्या शिक्षिका, धर्मशिक्षक व पालक यांच्यापुढें दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या वर्षीं ख्रिस्तमंदिराला नवा रंग मिळतो, वेदी सजते, आणि ज्यांनीं तें उभारलें त्यांचीं नांवें कृतज्ञतेनें घेतलीं जातात. हें योग्यच आहे. परंतु याच आवारांतील एका खोलीमध्यें रोज सकाळीं तीन-चार वर्षांच्या मुलांचें नाक पुसणाऱ्या, त्यांचें रडणें थांबविणाऱ्या, त्यांचा चिमुकला हात धरून क्रुसाची खूण शिकविणाऱ्या ज्या भगिनी आहेत, त्यांचें नांव अशा वेळीं क्वचितच कोणाच्या ओठीं येतें. त्यांच्या कामास लोक ‘मुलें सांभाळणें’ म्हणतात, आणि कधीं कधीं त्या स्वतःही तसेंच म्हणतात. दुसरी बरी नोकरी मिळेपर्यंतचें हें काम, अशी समजूत रूढ झाली आहे. आज आम्हांस या समजुतीविषयींच बोलावयाचें आहे. ती खरी असेल तर आपली बालवाडी ही केवळ एक सोय आहे; ती खोटी असेल तर तें आपल्या धर्मग्रामाचें एक मुख्य कार्य आहे.

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांतील प्रसंग आपण जाणतांच. लोक लहान मुलांना प्रभु येशूकडे आणीत होते आणि शिष्य त्यांना दटावीत होते. शिष्यांचा हेतु वाईट नसावा. गुरूचा वेळ थोरांसाठीं राखावा असें त्यांस वाटलें असेल. पण प्रभूला त्यांचा राग आला, असें संत मार्क स्पष्ट लिहितो. प्रभूनें त्या मुलांना प्रवचन केलें नाहीं कीं त्यांची परीक्षा घेतली नाहीं. त्यानें त्यांना कवटाळलें, त्यांच्यावर हात ठेवले व आशीर्वाद दिला.

पवित्र ख्रिस्तसभा शिकविते कीं, बाप्तिस्म्यानें देवाची कृपा बालकाच्या आत्म्यांत वास करूं लागते. तेव्हां बालवाडीच्या दारांत येणारें मूल म्हणजे रिकामें भांडें नव्हे. देव तेथें आपल्या आधीं पोहोंचलेला आहे. आणि जें मूल अन्य धर्माच्या घरांतून येतें, तेंही त्याच देवाच्या प्रतिमेचें आहे, म्हणून त्याचा मानही तेवढाच. देवाची वाट अडवूं नये आणि त्याच्या प्रतिमेचा मान राखावा, एवढेंच आपणांकडून अपेक्षिलें आहे.

मान राखणें म्हणजे काय, याचें एक उदाहरण रोम शहरांतील आहे. सान लोरेंझो नांवाच्या गरीब वस्तींत एका संस्थेनें मजुरांच्या चाळी दुरुस्त केल्या. आईबाप कामावर गेले म्हणजे मागें राहिलेलीं मुलें जिन्यांतून हुंदडत व भिंती खराब करीत. भिंती वांचाव्या म्हणून मालकांनीं मुलांसाठीं एक खोली दिली, आणि मारिया माँटेसरी या कॅथलिक डॉक्टर बाईंकडे तिची व्यवस्था सोंपविली. ६ जानेवारी १९०७ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, ती खोली उघडली. मुलांजवळ जी तरुणी ठेविली होती, तिनें शिक्षिकेचें रीतसर शिक्षण घेतलेलें नव्हतें. पुढें एके दिवशीं माँटेसरीबाईंनीं थोडा विनोद म्हणून, नाक कसें शिंकरावें, रुमाल कसा धरावा, आवाज न करतां कसें पुसावें, हें मुलांना करून दाखविलें. मुलें हंसलीं नाहींत. तीं एकाग्रतेनें पाहत राहिलीं, आणि धडा संपतांच त्यांनीं टाळ्या वाजविल्या! शेंबड्या नाकावरून त्यांचा नेहमीं पाणउतारा होई. तें स्वच्छ कसें ठेवावें हें मात्र कोणी त्यांना मानानें शिकविलें नव्हतें.

भगिनींनो, नाक पुसणें हें हलकें काम आहे असें कोणी म्हटल्यास ही गोष्ट आठवा. तोच रुमाल एका हातीं मुलाला खजील करतो आणि दुसऱ्या हातीं त्याला धीर देतो. कामाचा ख्रिस्ती हेतु त्या हातांत असतो.

हें कार्य आपल्याजवळही झालें आहे. हल्लींच्या पालघर जिल्ह्यांत, बोर्डी येथें, १९४५ मध्यें ताराबाई मोडक यांनीं ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें व १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागड्या साधनांच्या जागीं त्यांनीं बिया, शिंपले, खडे व पानें घेतलीं. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून त्यांनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणावर नेली. या स्त्रिया ख्रिस्ती नव्हत्या. पण मुलांची वाट मोकळी कशी करावी, हें आपण त्यांच्यापासून शिकावें.

पोप संत दहावे पायस यांच्या संमतीनें ८ ऑगस्ट १९१० रोजीं निघालेल्या आज्ञापत्रानें, सातव्या वर्षाच्या सुमारास विवेक जागा होतांच मुलांना ख्रिस्तशरीर द्यावें, असें ठरलें. साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यांतील भेद आपल्या शक्तीप्रमाणें ओळखणें, हें त्यांच्याकडून मागितलें आहे. पण साध्या भाकरीचें मोल त्यांना कोण शिकवितें? डबा उघडण्यापूर्वीं हात जोडणें, सर्वांचे डबे उघडेपर्यंत थांबणें, शेजाऱ्यानें डबा आणला नसेल तर आपल्यांतील अर्धें देणें, हें जें मूल चौथ्या वर्षीं शिकलें, तें सातव्या वर्षीं वेदीजवळ येतांना बुजत नाहीं. पहिल्या ख्रिस्तशरीराची तयारी बालवाडीच्या सतरंजीवर सुरू होते.

म्हणून ज्युबिलीच्या या वर्षीं आमचें मागणें असें आहे. पालकहो, तीन वर्षांचें मूल घरीं आल्यावर किती अक्षरें आलीं हें विचारूं नका. आज कोणाला मदत केलीस, हें विचारा. धर्मग्रामाच्या कारभाऱ्यांनो, पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ मध्यें न्याय्य वेतनाविषयीं जगाला शिकविलें. तें वेतन आपल्या आवारांतील त्या खोलीपर्यंतही पोहोंचलें पाहिजे. शब्दांनीं गौरवावें आणि पगारांत कसर करावी, हा न्याय नव्हे.

आणि भगिनींनो, मुलें तुमचें नांव विसरतील, हें आधींच जाणून असा. आपणांपैकीं कितींना आठवतें, क्रुसाची खूण आपल्याला प्रथम कोणी शिकविली? पण ती खूण आपल्या हाताला आठवते. ज्यानें मुलांना कवटाळलें तो प्रभु तुमच्या हातांस आशीर्वाद देवो. आमेन.