काहिलीतला हिशेब

केमिकल इंजिनिअरिंग म्हटलं की उंच मनोरे, नळ्या नि धुराडी डोळ्यांपुढे येतात. पण या विद्येचा पहिला धडा गुऱ्हाळावर बसून शिकता येतो. आत गेलेली वस्तू बाहेर येते, नाही तर आत साठते. नाहीशी होत नाही.

हा धडा मी बरीच वर्षं फळ्यावर समीकरण मांडून सुरू करीत असे. खेड्यांतली मुलं ते मुकाट्याने उतरवून घेत. त्यांतली काही पहिल्याच परीक्षेत नापास होऊन, ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणत घरी परतत. दोष मी त्यांच्या इंग्रजीला देई. तो माझ्या फळ्याचा होता.

एका वर्षी मी काहील घेतली. रस १०० किलो, त्यात विरघळलेले घन पदार्थ १८ किलो. गुळात ते शंभरी नव्वद. पाणी उडालं तरी घन पदार्थ तेवढेच राहणार. म्हणजे गूळ २० किलो, वाफ ८० किलो. मी समाधानाने खडू ठेवला. तोच, तोवर वर्गात कधी न बोललेला कोल्हापूरकडचा एक मुलगा म्हणाला, “सर, मळी कुठं गेली?”

खरंच की! भेंडीचं पाणी घातल्यावर वर येणारी मळी गुळव्या काढून टाकतो. ती मी धरलीच नव्हती. समजा ३ किलो मळी निघाली आणि तिच्यात पाचवा हिस्सा घन पदार्थ. मग उरले १७.४ किलो, आणि गूळ १९.३३ किलो. हा हिशेब त्यानंच फळ्यावर केला. वर्षाअखेर तो पास झाला, काठावर का होईना.

मग उष्णता. किलोभर पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, आणि उघड्या काहिलीतून ती आभाळात जाते. अमेरिकेतल्या लुइझियानात नॉर्बर्ट रिल्यू यांनी ती अडवली; १८४३ साली त्यांना पेटंट मिळालं. पहिल्या बंद भांड्यातली वाफ दुसऱ्यातला रस उकळते. मात्र तिथला दाब कमी हवा, म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो. साखर कारखान्यांत आजही हीच रीत आहे.

शिक्षकबंधूंनो, तराजू घेऊन एकदा मुलांना गुऱ्हाळावर न्या. मळीही तोलायला सांगा.